ऑफिसात कुत्रा: जून ते ऑक्टोबर २०२५ च्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

आजपासून ही वही सुरू. विषय असा: आठवड्यातून एक दिवस पाळीव कुत्री ऑफिसात आणू द्यावीत का, आणि द्यायची तर कशी. मागणी वरच्या मजल्यावरच्या डिझाइनवाल्यांची आहे आणि जुनी आहे. लॉकडाऊनमध्ये घरून काम चालू असताना आमच्याकडच्या अनेकांनी कुत्री घेतली. माणूस दिवसभर घरातच असतो, हे धरून ती कुत्री मोठी झाली. आता पाचही दिवस ऑफिस सुरू झाल्यावर ती एकटी पडतात, दार खरवडतात, भुंकत बसतात आणि शेजाऱ्यांचे फोन येतात. संचालकांनी तत्त्वतः होकार दिला आहे. प्रशासन माझ्याकडे, म्हणून आखणी माझ्याकडे.

जागेची माहिती आधी लिहून ठेवते, कारण सगळं तिच्यावर ठरणार आहे. एरंडवण्यातला जुना बंगला. खाली रिसेप्शन, अकाउंट्स, पॅन्ट्री, बायकांचं स्वच्छतागृह, हाउसकीपिंगच्या मावशींचं कपाट. वर डिझाइन आणि कोडिंगची टीम, एक मीटिंग रूम, गच्ची. वर जायला आतला जिना, शिवाय बंगल्याच्या बाजूने बाहेरून एक लोखंडी जिना. तो सध्या कुणी वापरत नाही.

पहिला निर्णय: ईमेलवर फॉर्म पाठवून मतं गोळा करायची नाहीत. मावशींना ऑफिसचा ईमेल नाही. गेटवरच्या काकांना नाही, पाण्याचे जार आणणाऱ्या मुलाला नाही, डबेवाल्यांनाही नाही. कुत्रा सगळ्यात आधी यांच्याच वाटेत येणार. या आवारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची यादी आज केली. एजन्सीचे लोकही त्यात धरले आहेत.

१२ जून, गुरुवार

बाहेर काय झालं आहे ते वाचलं. अमेरिकेत पेट सिटर्स इंटरनॅशनल या संस्थेने १९९९ मध्ये ‘कुत्र्याला कामावर न्या’ असा एक दिवस सुरू केला, तो दरवर्षी जूनमध्ये असतो. ॲमेझॉनच्या सुरुवातीच्या दिवसांत रूफस नावाचा कॉर्गी ऑफिसात असायचा. आता सिॲटलच्या त्यांच्या इमारतींमध्ये हजारो कुत्र्यांची नोंद आहे. जपानमधल्या ओरॅकलमध्ये १९९१ पासून एक ‘कर्मचारी कुत्रा’ ठेवायची प्रथा आहे.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी आहे ते मुंबईच्या बॉम्बे हाऊसचं. २०१८ मध्ये टाटांच्या या मुख्यालयाचं नूतनीकरण झालं, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं आसरा घेणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली केली गेली. मनापासून आवडलेली गोष्ट आहे ही. पण आपल्या प्रकल्पाला तिचा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही. ती कुत्री त्या इमारतीचीच आहेत, तिथले वास, आवाज, माणसं त्यांच्या ओळखीची. आमच्याकडे येणारा कुत्रा आठवड्यातून एकदा गाडीत बसून परक्या ठिकाणी येणार आणि आठ तास थांबणार. त्याच्यासाठी हा दिवस अगदी वेगळा आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर २०१२ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या रॅन्डॉल्फ बार्कर यांच्या गटाने नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कंपनीत पाहणी केली. ज्यांच्यासोबत त्यांचा कुत्रा होता, त्यांनी सांगितलेला ताण दिवसभरात कमी होत गेला, ज्यांनी कुत्रा आणला नव्हता त्यांचा वाढला. वर्तमानपत्रांतून येते ती एवढीच गोष्ट. त्याच पाहणीत लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरकही मोजलं होतं, त्यात मात्र गटागटांत फरक आढळला नाही. आणि ती प्राथमिक पाहणी आहे असं तिच्या शीर्षकातच म्हटलं आहे. संचालकांच्या टिपणात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. ‘कुत्र्यामुळे काम वाढतं’ असं सांगून ही परवानगी मिळवायची नाही. कुत्र्यांना आणि माणसांना बरं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे आणि त्यावरच ती उभी राहिली पाहिजे.

१७ जून, मंगळवार

दोन दिवस एकेकाशी बसून बोलले. आजची नोंद लांबणार.

मावशी मुळशीकडच्या. विषय काढल्याबरोबर त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या लहान असताना शेजारच्या पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. घरच्यांनी जखमेत चुना आणि तिखट भरलं, एका बाबाकडे नेऊन आणलं, आणि जखम भरली म्हणून सगळे विसरले. दोन महिन्यांनी तो पाणी बघून घाबरायला लागला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. मग म्हणाल्या, “मॅडम, कुत्री गुणाची असतील तुमची. पण मला त्यांच्या नजरंला नजर देववत नाही. संडास खाली, माझं कपाट खाली. ते खाली फिराया लागलं तर मी जायचं कुठं?”

उपायही त्यांनीच सुचवला. “वरचं झाडून पुसून घ्यायला मी लवकर येईन. ते आलं की मला वर बोलावू नका.”

वरच्या मजल्यावर हे सांगितलं तेव्हा एकाने अगदी चांगल्या मनाने सुचवलं की हळूहळू ओळख करून देऊ, भीती जाईल. मी ते नाकारलं. मावशी इथे साफसफाईच्या कामाला येतात. त्यांची भीती घालवणं हा या प्रकल्पाचा भाग नाही, कधीही नसेल. त्यांना उद्या स्वतःहून वाटलं तर गोष्ट वेगळी.

मावशींना आणखी एक विचारायचं होतं: पोटात चौदा इंजेक्शनं अजून देतात का? देत नाहीत. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात किंवा त्वचेत सुई देतात. दंडात दिली तर पाच डोस, त्वचेत दिली तर चार खेपा. त्यांना हे माहीत नव्हतं, आणि ऑफिसातल्या निम्म्या पदवीधरांनाही नव्हतं.

कोडिंगच्या एका सहकाऱ्याला दमा आहे आणि कुत्र्याची ॲलर्जी. कमी केस गळणाऱ्या जातीचं काय, असं पुष्कळजण विचारतात. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, म्हणून पूर्णपणे सुरक्षित अशी जात नाही. आमचे एसी स्प्लिट आहेत, वरची हवा नळांतून खाली येत नाही. हा सहकारी कुत्र्यांच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, खाली बसेल, ही सूचना त्याचीच. त्याला खाली दोन मॉनिटरचं नीट टेबल मिळालं पाहिजे, कोपऱ्यातलं स्टूल चालणार नाही.

आणखी एक सहकारी दुपारी नमाज पढतात. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर कपडे धुवावे लागतात, म्हणून खालची छोटी खोली आणि तिथवरची वाट कुत्र्यांना पूर्ण बंद असावी, असं त्यांनी सांगितलं. अकाउंट्सच्या मॅडमचंही देवघराच्या कोनाड्याबद्दल तेच म्हणणं. दोघांचा नियम एकच झाला: तळमजला कुत्रामुक्त.

गेटवरच्या काकांना भीती नाही, पण काळजी आहे. त्यांचा काळू, रस्त्यावरचा कुत्रा. तो गेटवरच असतो, त्याबद्दल पुढे.

२३ जून, सोमवार

पालखीमुळे शुक्रवार-शनिवार रस्ते बंद, काम मागे पडलं. आज कागद.

जागा भाड्याची आहे. लीव्ह अँड लायसन्स करारात प्राण्यांबद्दल अक्षरही नाही, पण घरमालकांकडून लेखी संमती घेतली. सोसायटीत पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि आमच्यातले काहीजण त्याचा आधार घेत होते. त्या सूचना राहत्या घरांच्या संदर्भातल्या आहेत. ऑफिसात कुत्रा आणणं ही सवलत आहे, हक्क नव्हे, असं धोरणाच्या पहिल्या ओळीत लिहिलं.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा ऑफिसात असतानाही तो मालकाच्याच ताब्यात आहे, हे प्रत्येक अर्जदाराकडून सहीनिशी घ्यायचं. महापालिकेचा परवाना सक्तीचा. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तो नव्हता.

३० जून, सोमवार

पशुवैद्यांकडे गेले. कोथरूडमधले आहेत, बरीच वर्षं प्रॅक्टिस. त्यांनी अटींची यादी सांगितली आणि प्रत्येकीचं कारणही.

रेबीजची लस आणि वर्षाचा बूस्टर, कार्डावर तारीख आणि शिक्का. डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस, लेप्टो यांची एकत्रित लस. पावसाळ्यात लेप्टोकडे विशेष लक्ष: उंदराच्या मुतातून डबक्यांत, डबक्यातून कुत्र्यात आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसात येऊ शकणारा हा आजार आहे. जंताचं औषध वेळच्या वेळी. गोचीड तर पुण्यात बारा महिने. गोचिडीतून होणारा ताप कुत्र्याला खंगवून टाकतो, शिवाय ऑफिसात एक गोचीड कापडी सोफ्यात शिरली की ती तिथेच अंडी घालणार. त्यामुळे गोचीडनाशक चालू असल्याचा पुरावा हवा. वर्षाखालचं पिल्लू नको, माजावर आलेली मादी नको.

मी वही मिटत होते तेव्हा ते म्हणाले, “माणसांना विचारलंत, छान केलंत. आता कुत्र्याला विचारा.”

मग त्यांनी विचारायचं कसं ते दाखवलं. समोर खाण्यासारखं काही नसताना वारंवार ओठ चाटणं. झोप नसताना जांभया. तोंड फिरवून डोळ्याच्या कडेने बघणं, इतकं की पांढरं दिसतं. गार खोलीतही धापा. शेपूट पोटाखाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदम ताठ होऊन थिजणं. यातलं काही दिसलं की कुत्रा ‘नको’ म्हणतो आहे. गुरगुरला तर ओरडायचं नाही, लांब व्हायचं. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरत नाही, थेट चावतो.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात, चित्रांसह करून घ्यायचं आहे. वरच्या प्रत्येक भिंतीवर लागेल.

८ जुलै, मंगळवार

सुतार येऊन गेले. आतल्या जिन्याच्या वरच्या टोकाला छातीइतकं उंच लाकडी फाटक बसवलं, खटका वरच्या बाजूला. त्यांनी आडव्या पट्ट्या मारल्या होत्या. त्या काढून उभ्या मारायला सांगितल्या, आडव्या पट्ट्या म्हणजे चढायला शिडीच.

कुत्र्यांची ये-जा बाहेरच्या लोखंडी जिन्याने. इथे एक अडचण आली जी कागदावर दिसली नसती. जिन्याच्या पायऱ्या जाळीच्या आहेत, खालची जमीन आरपार दिसते. डिझाइनच्या एकीने तिची लॅब्रेडोर, चिकू, चाचणीसाठी आणली. चिकूने पहिल्या पायरीवर एक पंजा ठेवला, खाली पाहिलं आणि बसूनच घेतलं. अठ्ठावीस किलोचा कुत्रा बसला की बसला. ओढायचं नाही असं ठरलेलं होतंच. प्रत्येक पायरीवर रबरी मॅट तारेने घट्ट बांधली, पावसात सरकू नये म्हणून खालून आवळली. संध्याकाळी चिकू वास घेत घेत वर गेली आणि लगेच खाली आली. पुन्हा वर गेली. तिला तो जिना आपला वाटायला लागला.

वरच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर कुत्र्यांचे पाय घसरतात, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे त्यात दुखावतात. तुकड्यातुकड्यांनी मॅट टाकल्या. वायरी पट्टीत घातल्या, कचऱ्याच्या डब्यांना पायाने उघडणारी झाकणं.

साफसफाईचं असं ठरलं: मावशी शुक्रवारी आठला येणार, वरचं साडेनऊच्या आत आटोपणार, दीड तास लवकर सुटणार. त्यानंतर वर जे काही होईल, केस असोत की शी-शू, ते कुत्र्याच्या मालकाने स्वतः उचलायचं. संध्याकाळी व्हॅक्युमही मालकानेच मारायचा. एजन्सीला तसं लेखी कळवलं, म्हणजे मावशी लवकर गेल्या म्हणून पगार कापला जाणार नाही.

१८ जुलै, शुक्रवार

पहिला दिवस, एकटी चिकू. सकाळी थोडी फिरली, प्रत्येक टेबलाखाली नाक घालून आली, अकरापासून जवळपास झोपलेलीच. कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो हे माहीत होतं, पण लोकांना बहुधा खेळणारा कुत्रा अपेक्षित होता. मला हाच दिवस यशस्वी वाटला.

नोंद घेण्यासारखी गोष्ट एकच. कुणीतरी टेबलावर कांदेपोह्यांची प्लेट ठेवून फोनवर गेलं आणि चिकूचं नाक प्लेटपाशी पोहोचलं. मालकिणीने वेळीच उचलली. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मोठ्या कुत्र्याला घासभराने काही होणार नाही, पण पुढे इथे चार-पाच किलोचे कुत्रेही येतील. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंग गममधलं झायलिटॉल हे विष. आपल्या पिशवीतली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसुद्धा. शुक्रवारी वर टेबलावर खाणं बंद, सगळ्यांनी खाली पॅन्ट्रीत खायचं. कुरकुर झाली. नियम राहिला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

भुरीचा दिवस. सविस्तर लिहिते, कारण या प्रकल्पात मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आज समोर घडलं.

भुरी गावठी, तीन वर्षांची, चांदणी चौकाजवळ रस्त्यावर सापडलेली. तिच्या मालकाने तिला एकट्याने वाढवलं आहे. या धोरणासाठी सगळ्यात जास्त खपलेला माणूस तोच. कागद चोख, लस चोख, परवाना काढलेला. जिनाही भुरी पहिल्या फटक्यात चढली.

वर आल्यावर ती त्याच्या टेबलाखाली गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. लोक म्हणाले, किती शहाणी, आवाज नाही की काही नाही. मी समोरच्या टेबलावर काम घेऊन बसले होते. खुर्चीचं चाक फिरलं की ती ओठ चाटायची. प्रिंटर सुरू झाला, जांभई. कुणी “भुरी, भुरी” करत वाकलं की मान भिंतीकडे, डोळ्याची पांढरी कड दिसायची. एसी चोवीसवर, तरी धापा. घरून आणलेलं चिकन तिने हुंगलंही नाही. मालकाने सांगितलं की घरी ती वाटी वाजली की दारातून धावत येते.

दुपारी बाराला मी त्याला गच्चीवर बोलावलं आणि भिंतीवरचा कागद हातात दिला. त्याने तो पूर्ण वाचला. मग म्हणाला, “ती शांत बसली आहे असंच मला वाटत होतं.” काचेतून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

शांत कुत्रा आणि घाबरून गप्प बसलेला कुत्रा लांबून सारखेच दिसतात. कुत्रा त्रास देत नाही म्हणून त्याला इथे ठेवणं बरोबर ठरत नाही. तो इथे सुखात असला पाहिजे. भुरी ऑफिसात येणार नाही. तिच्या मालकाला शुक्रवारी घरून काम करायची मुभा आजच मिळवली, संचालकांनी लगेच मान्य केली. मूळ प्रश्न कुत्रा एकटा पडण्याचा होता. तो सोडवायला कुत्र्याला ऑफिसात आणणं हा एक मार्ग, माणसाला घरी राहू देणं हा दुसरा. धोरणात दोन्ही समान पातळीवर लिहिले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला. ऑफिसात दिवसभर तोच विषय, दोन तट पडले आणि आवाज चढले. काकांनी मला बाजूला बोलावून विचारलं, काळूला नेतील का? आदेश दिल्लीपुरता आहे हे सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

२२ तारखेला न्यायालयाने आधीचा आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री उचलली तिथेच परत सोडायची, रेबीजची किंवा आक्रमक असलेली वगळून. खायला घालायला जागा नेमून द्यायची.

आता काळू. त्याच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. रेबीजची लस कधी दिली, कुणाला ठाऊक नव्हतं. पाळीव कुत्र्यांकडून शिक्क्याचं कार्ड मागायचं आणि गेटवरच्या कुत्र्याकडे डोळेझाक करायची, हे पटण्यासारखं नाही. एका प्राणिसंस्थेच्या मदतीने त्याला लस दिली, पुढच्या वर्षीची तारीख रजिस्टरमध्ये ‘काळू, गेट’ अशी नोंदवली. खर्च कंपनीचा.

गाडीतून उतरणारा प्रत्येक कुत्रा काळूच्या हद्दीत उतरतो. चिकूवर तो भुंकला, तिने मान खाली घातली, विषय संपला. सगळे तसं करणार नाहीत. यावरची पद्धत काकांची आहे. गेटवर ओळख करून द्यायची नाही, तिथे काळूला राखण करावीच लागते. समोरच्या गल्लीत एका बाजूने काका काळूला घेऊन चालतात, दुसऱ्या बाजूने मालक आपल्या कुत्र्याला. दोघं एकाच दिशेने चालतात, समोरासमोर येत नाहीत. दोन-तीन फेऱ्यांनी अंतर आपोआप कमी होतं. मग सगळे मिळून आत. पशुवैद्यांना सांगितलं तर म्हणाले, अगदी हेच करायला हवं. काकांच्या पगारात या कामाचा भत्ता धरला जावा असं टिपण वर पाठवलं.

गणपती परवा बसणार. म्हात्रे पुलाकडून ढोलाचा सराव रोज संध्याकाळी ऐकू येतोच आहे. आपल्याला न पोहोचणारे उंच आवाजही कुत्र्यांच्या कानी पडतात, ताशाचा कडकडाट त्यांना किती झोंबत असेल. विसर्जन होईपर्यंत कुत्र्यांचे शुक्रवार बंद.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज चावा झाला.

राजा, दहा वर्षांचा पॉमेरेनियन, एका डोळ्यात मोतीबिंदू, मॅटवर झोपला होता. नवी इंटर्न मोतीबिंदूच्या बाजूने आली, वाकून डोक्यावर हात फिरवायला गेली. राजा दचकला आणि दात लावला. हाताच्या मागे दोन ओरखडे, रक्त नाही.

साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धुतला, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार वाटतात. तीन मिनिटांनी ती “झालं” म्हणाली, शेजारची सहकारी हात धरून उभी राहिली. हळद लावू का असं एकाने विचारलं. काहीही लावायचं नाही, पट्टीही बांधायची नाही. मग डॉक्टर. त्वचेवर ओरखडा, रक्त नाही, म्हणजे दुसऱ्या श्रेणीची इजा. धुणं आणि लस. रक्त आलं असतं तर तिसरी श्रेणी, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागलं असतं. त्वचेतली लस सुरू झाली: आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. त्या चारही वेळा भरपगारी रजा आणि सोबत एक माणूस.

“राजाची लस झालेली आहे, मग सुया कशाला?” असं दोघांनी विचारलं. हा निर्णय डॉक्टरांचा, आपला नव्हे. रेबीजच्या बाबतीत कुणालाही धोका पत्करायला सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. राजावर दहा दिवस नजर ठेवायची, रोज एक ओळ लिहायची.

दोष ना मुलीचा, ना राजाचा. मॅट येण्याजाण्याच्या वाटेत होती, ती आज कोपऱ्यात हलवली. इंटर्न या महिन्यात रुजू झाली आणि भिंतीवरचा कागद तिला कुणी समजावून सांगितला नव्हता. रुजू होण्याच्या पहिल्या दिवसाच्या कामांत तो घातला. झोपलेल्या, खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे वाक्य सगळ्यात वर आणलं.

दुपारी सगळ्यांना, खालच्यांनाही, काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मावशींना मी स्वतः सांगितलं. “बरं केलं सांगितलंत,” एवढंच म्हणाल्या.

२२ सप्टेंबर, सोमवार

दहा दिवस झाले, राजा ठणठणीत. पशुवैद्यांनी तपासून लिहून दिलं. त्याच्या मालकिणीने स्वतःच ठरवलं की त्याला आता आणायचं नाही. दिसत नसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला नवी माणसं नकोत. तिलाही शुक्रवार घरून.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल जागतिक रेबीज दिन होता, लुई पाश्चर यांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने आज आढावा बैठक घेतली. पशुवैद्य आले होते. एजन्सीचे लोक आणि काकाही बैठकीत बसले होते.

चिठ्ठ्यांनी मत घेतलं, नाव न लिहिता. चालू ठेवावं असं बहुसंख्यांचं मत. तेवढ्यावर एकाने सुचवलं की आता तळमजलाही खुला करू, बहुमत आहेच. मी उभी राहून विरोध केला. कुणी किती वेळ कुत्र्याशी खेळावं हे बहुमताने ठरवता येईल. कुणी घाबरत संडासाला जावं, हे बहुमताने ठरवता येत नाही. ज्यांना इथे यावंच लागतं आणि ज्यांना नोकरी सोडणं परवडत नाही, त्यांच्यापैकी एकाचा नकार पुरेसा आहे. संचालकांनी हे धोरणात शब्दशः घेतलं. फाटक कायम.

बाकी ठरलेलं: एका शुक्रवारी जास्तीत जास्त दोन कुत्री. नव्या कुत्र्याची आधी अर्ध्या दिवसाची चाचणी, आणि ती पाहणारा माणूस मालक सोडून दुसरा. मालक मीटिंगमध्ये गेला तर कुत्रा कुणाच्या ताब्यात, ते नाव फळ्यावर. लशीचं कार्ड संपलं की त्या दिवसापासून प्रवेश बंद, सवलत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

१७ तारखेपासून दिवाळी उरकेपर्यंत कुत्री नाहीत. फटाके आहेतच, शिवाय गिऱ्हाइकांकडून येणारे चॉकलेटचे डबे आणि मनुका घातलेला चिवडा टेबलाटेबलावर असतो. त्या दिवसांत कुत्र्यांच्या मालकांना घरून काम करता येईल, फटाक्यांच्या आवाजात कुत्र्याजवळ माणूस हवा.

इंटर्नचा शेवटचा डोस १० तारखेला झाला. ती ३१ ऑक्टोबरच्या शुक्रवारी वर बसायला तयार आहे, पण चिकूपासून लांबचं टेबल मागितलं आहे. दिलं.

बाकी कामं. लोखंडी जिन्याच्या खालच्या चार पायऱ्यांच्या मॅट पावसाने सडल्या, बदलायच्या. ॲलर्जीवाल्या सहकाऱ्याच्या खालच्या टेबलाला दुसरा मॉनिटर अजून आलेला नाही, या आठवड्यात आलाच पाहिजे. काकांच्या भत्त्याचं टिपण मंजूर, एजन्सीच्या पुढच्या बिलात दिसायला हवं. नवा अर्ज एक: सोलापूरकडून आणलेली कारवान जातीची मादी, दोन वर्षांची. पळणारी जात आहे, चार भिंतींत किती रमेल याची शंका पशुवैद्यांना आहे. चाचणी ७ नोव्हेंबरला, पाहणारा माणूस म्हणून भुरीच्या मालकाने नाव दिलं आहे.